प्रार्थनेतलं नाव आणि आठवड्यातला एक वार

आदरणीय मावशी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. मी सांगलीत राहते, शाळेत शिकवते आणि आमच्या मंडळीच्या महिला संघाची सेक्रेटरी आहे. गेल्या महिन्यात पाळकसाहेबांनी बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातून संदेश दिला, क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. सगळ्यांनी मोठ्यानं आमेन म्हटलं, उपासना सुटली, चहा झाला आणि जो तो घरी गेला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आमच्याकडे सेवा म्हणजे नाताळच्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात फळवाटप. एक तास, एक फोटो. २०१९ च्या महापुरात आमच्याच लोकांनी रात्रंदिवस काम केलं होतं, तो उत्साह कुठं गेला कळत नाही. मंडळीतल्या एक आजी दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत, त्यांचं नाव घेऊन आम्ही दर रविवारी प्रार्थना करतो. पण समाजासाठी काहीतरी मोठं करावं असं मला फार वाटतं. कमिटीत विषय काढला तर उत्तर आलं, आधी चर्चचं छप्पर, मग बाकीचं. एक काका म्हणाले, बाहेर सेवा करायला गेलात तर लोक म्हणतील धर्म बदलायला आले. घरी यजमान म्हणतात, शाळा, दोन मुलं, सासूबाई, तुला वेळ कुठाय? मी सुरुवात कुठून करू?

– एक बहीण, सांगली

प्रिय लेकी,

सलाम. मी वयानं तुझ्या आईएवढी असेन, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीशी थांबले. छप्पर, फळवाटप, काकांचं बोलणं, हे सगळं मी ओळखते. चाळीस वर्षं मिरजेत नर्सिंग केलं आणि त्याहून जास्त वर्षं मंडळीत काढली. मी थांबले ती त्या आजींच्या ओळीशी. त्या दोन वर्षं अंथरुणावर आहेत आणि तुम्ही दर रविवारी त्यांचं नाव घेता, असं तू लिहिलंस. आणि लगेच पुढचा शब्द लिहिलास, ‘पण’.

दोन वर्षांचे शंभरावर रविवार होतात. इतक्या वेळा ज्यांचं नाव देवापुढे घेतलं, त्यांच्या खाटेशेजारी तुमच्यापैकी किती जण तासभर बसले? तू सेक्रेटरी आहेस, तुला माहीत असेल. मी तुला दोष देत नाही. आमच्या मंडळीतही हेच होतं. नाव प्रार्थनेच्या यादीत गेलं की आपल्याला वाटतं, चला, आजींचं काहीतरी झालं. याकोबानं नेमकं हेच धरलं आहे. त्याचं पत्र पुन्हा उघड, दुसरा अध्याय. भाऊ किंवा बहीण उघडीवाघडी आहे, घरात आजचं अन्न नाही, आणि तुम्ही तिला म्हणता, सुखानं जा, ऊब घे, पोटभर जेव. आपल्याकडे ह्यालाच बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात म्हणतात. त्या माणसाच्या तोंडचे शब्द किती गोड आहेत बघ, एकही शब्द वाईट नाही. जवळजवळ प्रार्थनाच आहे ती. फक्त ताटात काही पडत नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे, आजींपासून सुरू कर. मोठं काम त्यातूनच निघेल, आणि नाही निघालं तरी आजींचं झालेलं असेल.

आता हे कसं, ते सांगते.

मी ट्रेनिंगला होते तेव्हा आमच्या बायकांच्या वॉर्डात दर बुधवारी दुपारी एक बाई यायच्या. मंडळीतल्याच, शिक्षण फारसं नाही. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. हातात कापडी पिशवी, पिशवीत खोबरेल तेलाची बाटली, रुंद दातांचा कंगवा आणि जुन्या सुती साडीचा एक तुकडा. वीस-वीस दिवस पडून असलेल्या बाईचे केस मागे चपटे होऊन त्यांचा नुसता गठ्ठा झालेला असतो. आम्ही पोरी कामाच्या घाईत म्हणायचो, कापूनच टाकू. मावशी कापू द्यायच्या नाहीत. उशीवर तो तुकडा पसरायचा, तळहातावर तेल कोमट करायचं आणि केसांच्या टोकापासून सुरुवात करायची, मुळापासून कधीच नाही. एका हातानं केस मुळाशी घट्ट धरायचे, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही, आणि दुसऱ्या हातानं खालून बोटभर-बोटभर सोडवत वर यायचं. एका डोक्याला पाऊण तास लागायचा. बोलणं जवळजवळ नाहीच. कर्नाटकातल्या अथणीकडच्या बायकांशी तर भाषेचंच वांधं, त्यांना कानडी आणि मावशींना मराठी. पण दोन वेण्या घालून झाल्या की ती बाई हात मागे नेऊन वेणी चाचपून बघायची आणि मग आरसा मागायची. आजारी बाईनं आरसा मागितला की आमच्या सिस्टर म्हणायच्या, आता ही जेवेल.

त्या मावशींनी कधी कमिटीला अर्ज केला नाही आणि फंडही मागितला नाही. त्यांनी फक्त वार चुकवला नाही. वॉर्डातल्या बायका मंगळवारी संध्याकाळीच विचारायच्या, उद्या बुधवार ना? लेकी, हे ‘उद्या बुधवार ना’ फार मोलाचं आहे. अंथरुणावरच्या माणसाला सगळे दिवस सारखे असतात. तू एक वार धरलास की त्याच्या आठवड्याला एक खुंटी मिळते.

वार हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. तुझ्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत गरिबाघरची मुलं वार लावून जेवायची, ऐकलं असशील. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरं. साताऱ्याला, वाईला, सांगलीला किती मुलं अशी शिकून मोठी झाली. कुठल्याच एका घरावर भार पडायचा नाही आणि मुलगा उपाशी राहायचा नाही. मला वाटतं, मंडळीनं सेवा करायची तर ह्याहून सोपी पद्धत नाही. तुमच्या महिला संघात सात बायका निघणार नाहीत का? चार निघाल्या तरी चार वार झाले.

पण पहिल्याच दिवशी चौघी मिळून फळांची पिशवी घेऊन आजींकडे धडकू नका. आधी एकटी जा आणि आजींच्या सुनेशी बोल. सून असेल, लेक असेल, जी कोणी त्यांचं करते आहे ती. दोन वर्षं जिनं पाणी पाजलं, लघवी-शौच काढलं, रात्री उठून कूस वळवली, तिला कोणी विचारलेलं नसतं. तिला विचार, तुला कधी मोकळीक हवी? ती आधी म्हणेल, नको, काही नको. दुसऱ्यांदा विचार. बहुतेक वेळा मागणं फार लहान असतं. बाजारात जायचं असतं, बँकेत जायचं असतं, किंवा नुसतं दोन तास झोपायचं असतं. तुमच्या वारी तुम्ही ते दोन तास सांभाळायचे, एवढंच काम.

ते दोन तास कसे सांभाळायचे हे शिकून घ्या, तेही सेवेतच येतं. अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. टाचा, माकडहाड, कुल्ले, खांदे, कोपरं, ह्या जागा रोज नजरेखालून घालायच्या. लाल चट्टा दिसला तर बोटानं दाबून बघायचा. बोट काढल्यावरही लालच राहिला, फिका पडला नाही, तर तिथे बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्यानं होणारी जखम, व्हायला लागलंय असं समजायचं. तो चट्टा चोळायचा नाही. त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही आणि डॉक्टरांना किंवा नर्सला कळवायचं. भरवताना आडवं ठेवून कधीच भरवायचं नाही, पाठीला उशा लावून बसतं करायचं आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तसंच बसू द्यायचं, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. पातळ पेज घाईनं पाजण्यापेक्षा घट्टसर मऊ भात सावकाश चारलेला बरा. तुमच्या मंडळीत एखादी तरी निवृत्त सिस्टर असेलच. आपल्या मिरज-सांगलीच्या मंडळ्यांत नर्सेस नाहीत असं होत नाही. तिला एका रविवारी उपासनेनंतर अर्धा तास बोलवा, ती सगळं करून दाखवेल. तिच्याही अंगात हुरूप येईल.

आता कमिटी आणि छप्पर. छपराशी भांडू नकोस. पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली म्हाताऱ्या माणसांनी बसायचं का? ते काम व्हायलाच हवं. वार लावायला छपराचा एक रुपयाही लागत नाही, म्हणून हा विषय कमिटीपुढे पैशाच्या मागणीसारखा नेऊच नकोस. पाळकसाहेबांना मात्र आधी सांग, त्यांचा आशीर्वाद घे. आणि कोणी म्हणालं, वचनाची सेवा हीच खरी सेवा, बाकी सगळं सामाजिक कार्य, तर प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकातला सहावा अध्याय शांतपणे वाचून दाखव. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत कुरकुर सुरू झाली ती कशावरून? ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं, त्यावरून. म्हणजे आपल्याच मंडळीतल्या, पण जरा कडेला पडलेल्या बायका. तेव्हा ताटं वाढायला सात जण निवडले, आणि ते कसे असावेत तर आत्म्यानं आणि ज्ञानानं पूर्ण. मला ह्याचं फार अप्रूप वाटतं. अन्न वाटायच्या कामाला त्यांनी उरलीसुरली माणसं नेमली नाहीत. त्या सातांतलाच एक स्तेफन, मंडळीचा पहिला रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी जीव देणारा.

तूही आधी तुमच्या विधवा मोज. उपासनेला यायचं बंद झालेलं कोण कोण आहे, गेल्या वर्षभराची यादी कर. कुणाचे गुडघे गेले असतील, कुणाला रिक्षाचे पैसे परवडत नसतील, कुणाचा अपमान झाला असेल.

काकांच्या भीतीवर जरा जास्त बोलते, कारण ती भीती खोटी नाही. हल्ली आपल्याकडे संशयानं बघतात, आणि काही ठिकाणी आपल्याच माणसांनी मदतीच्या पिशवीत पत्रकं घालून त्या संशयाला खतपाणी घातलं आहे. माझं मत पक्कं आहे, आजारी माणसाच्या उशाशी पत्रक नेऊ नये. जो पडून आहे, ज्याला तुझ्या हातचं पाणी हवं आहे, तो तुला नाही कसं म्हणेल? त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन मिळवलेलं ‘हो’ प्रभूला नको आहे. लूकच्या शुभवर्तमानातले दहा कुष्ठरोगी आठव. दहाही बरे झाले आणि आभार मानायला एकच मागे आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानायचे त्यांतला. येशूनं विचारलं, बाकीचे नऊ कुठं आहेत? त्याला वाईट वाटलं असेल. पण त्या नऊ जणांचं बरेपण त्यानं परत घेतलं नाही. ते बरे होऊनच आपापल्या वाटेनं गेले. आपली सेवा अशी असावी, परतफेडीची वाट न बघणारी. कोणी आपणहून विचारलं, तुम्ही हे का करता, तर लाजू नकोस, आडपडदा न ठेवता सरळ सांग, येशूनं शिष्यांचे पाय धुतले म्हणून. आणि पुढच्या वारी, त्यानं विचारलं असो-नसो, तेवढ्याच मायेनं जा.

आणि आपल्याबाहेरची माणसं तुमच्यात यायला तयार असतील तर घ्या. तुझ्या शाळेतली एखादी मैत्रीण म्हणेल, मी पण एक वार धरते. तिला नको म्हणू नकोस. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा संघ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. तेव्हा त्यांच्यावर टीका झाली, पण शंभर वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातल्या माणसानं हे मन दाखवलं होतं, हे आपल्या तरुण पोरांना माहीत असायला हवं.

तुला मंडळीबाहेरही काही करायचं आहे ना? मग सांगलीहून मिरजेला येताना तू वानलेसवाडीवरून कितीदा गेली असशील. त्या नावामागे एक माणूस आहे. डॉक्टर विल्यम वानलेस, जन्म कॅनडातला, १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उघडला. आज मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात, बेळगाव-विजापूरकडून माणसं इथे येतात, त्याची सुरुवात तिथली. आणि वानलेसवाडीत होतं ते क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम. क्षयाचं नाव काढलं की लोक सख्ख्या भावाला वेगळ्या ताटात वाढायचे, त्या काळात त्यांच्यासाठी बांधलेली ती जागा. क्षय आजही गेलेला नाही. औषध फुकट मिळतं, नेहमीच्या क्षयाचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, पण पोटाला पुरेसं अन्न नसेल तर तो कोर्स सोसणं जड जातं. हातावर पोट असलेला माणूस दोन महिन्यांत जरा बरं वाटलं की गोळ्या सोडतो आणि कामावर जातो. तिथेच आजार पुन्हा उलटतो, आणि मग साध्या औषधांना दाद देत नाही. सरकारची २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ म्हणून योजना आहे. कोणीही व्यक्ती किंवा संस्था एखाद्या क्षयरुग्णाच्या पोषणाची जबाबदारी घेऊ शकते, म्हणजे दर महिन्याला धान्य, डाळ, तेल, शेंगदाणे. रुग्णाची संमती लागते. सरकारी दवाखान्यातल्या क्षयरोग विभागात चौकशी कर. तुमच्या महिला संघानं नाताळच्या फळवाटपाचा खर्च एका रुग्णाकडे वळवला, तर सहा महिन्यांनी एक माणूस बरा होऊन कामावर गेलेला तुम्हाला दिसेल. फोटो मात्र मिळणार नाही.

महापुरातल्या उत्साहाचं तू विचारलंस. मी तेव्हा तिथेच होते. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं, गावभाग, मारुती चौक, सगळं पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर आम्ही टेम्पो भरून जुने कपडे घेऊन एका वस्तीत गेलो. एक बाई माझ्याकडे आली, तिच्या हातात मीच दिलेली जरीकाठाची साडी होती. म्हणाली, बाई, ही घेऊन मी काय करू, मला एक कोरडा परकर द्या. मी ढीग उपसला, त्यात परकर एकही नव्हता. कोणी परकर दान करतं का? आम्ही घरातलं नको ते गोळा केलं होतं, तिला काय हवं ते विचारलंच नव्हतं. ती साडी नंतर इतर कपड्यांबरोबर रस्त्याकडेच्या चिखलात पडलेली मी पाहिली. मला फार लागलं ते. आपण वाईट वागलो नव्हतो, पण न विचारता दिलं होतं. आणि मग दहा-बारा दिवसांनी आम्ही घरी परतलो. तोवर घरातला गाळही पुरता निघाला नव्हता, भिंती ओल्या होत्या, रेशनकार्डाचा लगदा झाला होता, बीपीच्या गोळ्या वाहून गेल्या होत्या. खरी गरज आम्ही गेल्यावर सुरू झाली. तुझा उत्साह कुठं गेला म्हणतेस, तो पुराबरोबर आला होता, पुराबरोबर ओसरला. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पण तेव्हा ज्यांच्या घरातला गाळ तुम्ही उपसला, त्यातल्या एखाद्या घराची ओळख अजून राहिली असेल, तर तिथे जाऊन ये. काय हवं ते आधी विचार.

यजमानांचं म्हणणं मला पटतं, तुला वेळ नाही. म्हणून तर आठवड्यातला एकच वार, दोन तास. त्याहून जास्त घेऊ नकोस, उत्साहाच्या भरात तीन वार घेशील आणि महिन्यात सगळे सोडशील, मी पाहिलंय असं. सासूबाईंना विचार, त्या एखाद्या वेळी बरोबर येतात का. म्हाताऱ्या माणसाशी म्हातारं माणूसच नीट बोलतं. मुलांपैकी मोठं असेल ते सुट्टीत येऊ दे, आजींना शास्त्रातला एक भाग वाचून दाखवायचं काम त्याला दे. आजींना जुनी भजनं येत असतील, त्यांच्याकडून शिकूनही घेता येतील. आपल्या कितीतरी भजनांच्या चाली अशा म्हाताऱ्या गळ्यांतच उरल्या आहेत.

याफो गावात दुर्कस नावाची शिष्या होती, तिचं दुसरं नाव तबिथा. ती वारली तेव्हा गावातल्या विधवा येशूचा शिष्य पेत्र ह्याच्याभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिनं शिवलेले झगे नि वस्त्रं त्याला दाखवायला लागल्या. ती काय बोलली, किती प्रार्थना करायची, ह्यातलं काही त्यांनी सांगितलं नाही. आपापल्या अंगावरचे कपडे पुढे धरले. मला हा प्रसंग वाचताना नेहमी आमच्या बुधवारच्या मावशी आठवतात. त्या गेल्या तेव्हा मातीला आलेल्या बायकांत कितीतरी अनोळखी होत्या, आणि त्यांतल्या दोघी-तिघी आपली वेणी पुढे घेऊन रडत होत्या.

तर ह्या आठवड्यात एवढंच कर. आजींच्या सुनेला फोन कर आणि कोणत्या वारी, किती वाजता आलेलं चालेल ते विचार. पहिल्या दिवशी फळं नेऊ नकोस. आजींचे केस लांब असतील तर रुंद दातांचा कंगवा आणि तेलाची छोटी बाटली ने, आणि टोकापासून सुरुवात कर. जाऊन आलीस की मला लिही, त्या काय म्हणाल्या ते.

तुझी,
मावशी
मिरज